पुसायच्या आधीची सही

आमच्या शेजारच्या नीलांबरी घैसास हॉस्पिटलात कॉम्प्युटरवरच्या पेशंटच्या नोंदी सांभाळतात. माझ्या यजमानांचं डायलिसिस तिथेच चालतं, म्हणून मी नीलांबरीताईंच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. दार उघडं होतं, आणि कान काही मला बंद करता येत नाहीत.

आत हॉस्पिटलचे मालक, डॉक्टर राजाध्यक्ष, नीलांबरीताईंवर गरजत होते. त्यांनी आणलेल्या एआय एजंटला, म्हणजे आपलं आपण काम करणाऱ्या प्रोग्रॅमला, नोंदींच्या नकलेवर सराव दिला होता. कॉम्प्युटरवर जागा करायची म्हणून त्यानं वर्षभर न आलेली माणसं मेली समजून त्यांच्या नोंदी पुसून टाकल्या. त्यांतली कितीतरी जिवंत होती, आणि कुणाला कोणतं औषध चालत नाही हे फक्त अशा नोंदींतच लिहिलेलं असतं.

"चुकेल आणि शिकेल!" डॉक्टर म्हणाले. "खऱ्या नोंदी पुसायचा अधिकार आजच द्या त्याला. दरवेळी माणसाला कशाला विचारायचं? जमत नसेल तर राजीनामा ठेवा."

नीलांबरीताई म्हणाल्या, "सर, डोळ्यांदेखत मेलेल्या माणसालाही स्मशानात डॉक्टरच्या सहीशिवाय जाळत नाहीत. इथे ती सही तुम्हीच करता. मग जिवंत माणसाची नोंद पुसायला कुणाचीच सही नको?"

आत खुर्ची ओढून कुणीतरी बसल्याचा आवाज आला.

"सही कुणाची मग?" डॉक्टरांचा आवाज उतरला होता.

"तुमचीच. एजंट नावं सुचवेल, तुम्ही बघून होकार द्याल, तेव्हाच पुसलं जाईल."

एजंटनं तीच नावं पुन्हा पुढे ठेवली. डॉक्टर एकेक वाचत गेले, आणि एकालाही त्यांनी होकार दिला नाही.