सोनीची रिकामी जागा

माणसाला भिंग सुचायच्या फार आधीची गोष्ट. दोन दगडांच्या फटीत पाण्याचा एक थेंब अडकला होता. त्यात मातीचे आणि मेणाचे कण राहत. ते इतके बारीक, की शंभरजण मिळून ओरडले तरी फटीखालच्या मुंगीचा कान नुसता खाजे.

थेंब आटू लागला तसे कण आपणहून पंगतीला बसले. ठकू नावाच्या कणीशेजारी मेणाची सोनी बसली. अशी प्रत्येकाशेजारी एक मेणाची शेजारीण होती. ऊन चढलं, तशी मेणाची मंडळी वितळून निघून गेली. पंगतभर भोकं पडली.

"सरकून घ्या रे," दादोबा म्हणाला. तो सगळ्यांत लठ्ठ, म्हणजे केसाच्या हजाराव्या भागाएवढा. "भोकाभोकांची पंगत चारचौघांत बरी दिसते का?"

"मामा, ही सोनीची जागा आहे," ठकू म्हणाली. "मी नाही सरकायची."

"अगं, ती आता येणार आहे का?"

"जेवण तरी कुठे येणार आहे? तरी बसलोय ना आपण?"

ठकू हलेना, म्हणून तिच्यापुढचेही हलेनात.

दुपारी वरून गढूळ पाणी आलं. गाळही पंगतीत घुसू लागला, पण सोनीच्या जागेत त्याचं पोट मावेना. तो वरच बसला. पाणी तेवढं रिकाम्या जागांतून नितळ होऊन खाली ठिबकलं. दोन दिवसांची तहानलेली मुंगी पोटभर प्याली.

"कुणी गं वाढलं?" तिनं वर पाहून विचारलं.

"सोनीनं," ठकू म्हणाली.

मुंगीनं कान खाजवला आणि ती पुन्हा प्यायला वाकली.