तीन वह्या आणि शेहेचाळीस पत्रे

आंबेखिंड गावात मुरली नावाचा एक भोळा कारकून राहायचा. दूध संस्थेत तो अकरा वर्षं कामाला होता आणि अकरा वर्षं तात्पुरता होता. दरवर्षी चेअरमन जालिंदरअण्णा म्हणायचे, "मुरल्या, पुढच्या सभेत तुला कायम करतो." मुरलीला ते खरं वाटायचं. त्याला सगळंच खरं वाटायचं.

यंदा संस्थेच्या संगणकात हिशेबाची नवी प्रणाली आली. मोठ्या कंपन्यांत असते तसली. ती शिकवायला शहरातून एक मुलगी आली. दोन दिवस राहणार होती. ती म्हणाली, "यात खातं एकच, पण वह्या तीन. पशुखाद्याचंच घ्या. किती पैसे जावेत असं ठरवलंय, ते 'अंदाज' वहीत. खरोखर किती गेले, ते 'प्रत्यक्ष' वहीत. आणि पोती किती, लिटर किती, हे सगळं मोजमाप 'नग' वहीत. आता कोणती नोंद कुठे..."

"समजलं, समजलं," अण्णा म्हणाले. "पोरी, चहा घे आणि साडेअकराच्या एसटीने जा. उरलेलं मी समजावतो. तीस वर्षं संस्था चालवतोय."

अण्णांनी संगणकाला आयुष्यात एकदाच हात लावला होता. दसऱ्याला, कुंकू लावताना. पण समजावून सांगायला आधी स्वतःला समजावं लागतं, असं त्यांच्या वयाच्या कुणालाच वाटत नाही.

"हे बघ मुरल्या," अण्णा म्हणाले, "डोळ्यांनी पाहिलं तेच प्रत्यक्षात लिहायचं. नीट शिकलास तर या सभेत कायम."

"डोळ्यांनी पाहिलं तेच. बरं अण्णा."

दुसऱ्या दिवशी पशुखाद्याची पन्नास पोती आली. मुरली उभा राहून बघत होता. मध्येच तो पाणी प्यायला गेला. परत येऊन त्याने तीस पोत्यांचे पैसे लिहिले. व्यापारी भांडायला आला.

"अहो, पन्नास पोती समोर रचली आहेत!"

"रचलेली दिसतात. पण उतरताना मी तीसच पाहिली."

अण्णा ओरडले, "डोळ्यांचं काय घेऊन बसलास? पन्नास ठरली होती ना? मग ठरलेलं लिहायचं!"

"ठरलेलं लिहायचं. बरं अण्णा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भागीरथीआत्या दूध घालायला आल्या. रोजचं दहा लिटर ठरलेलं. त्या दिवशी म्हशीने लाथ मारली होती. किटलीत चारच लिटर होतं. मुरलीने दहा लिहिलं.

"मुरल्या, चारच आहे रे बाबा."

"ठरलेलं दहा आहे, आत्या. अण्णांनीच सांगितलंय."

आत्यांनी ही गोष्ट फक्त शेजारणीला सांगितली. लगेच पुढच्या दिवशी अर्धं गाव रिकाम्या किटल्या घेऊन रांगेत उभं. सगळ्यांना पावत्या मिळाल्या. संगणकात बाराशे लिटर, टँकरमध्ये तीनशे. दूध संघाचा फोन आला. त्यात काय बोलणं झालं ते लिहिण्यासारखं नाही.

"अरे, मोज!" अण्णांचा आवाज बसला होता. "जे येईल ते आधी मोजायचं आणि नगात टाकायचं! मोजल्याशिवाय संगणकाला हात लावू नकोस!"

"मोजायचं आणि नगात टाकायचं. बरं अण्णा."

मग विजेचं बिल आलं. अठरा हजारांचं. मुरलीने ते मोजलं. उलटं करून परत मोजलं. दोन्ही वेळा एकच भरलं. त्याने नगात लिहिलं, वीजबिल, एक. प्रत्यक्षाच्या वहीत काही नव्हतं, म्हणून पैसे कुणी भरले नाहीत. महिन्याने वायरमन येऊन वीज तोडून गेला. दूध थंड ठेवायची टाकी बंद पडली आणि सहाशे लिटर दूध नासलं. त्या आठवड्यात आंबेखिंडीत घरोघरी कलाकंद होता.

"बिल कुणी मोजतं का रे?" अण्णा डोकं धरून बसले. "नीट ऐक. ठरलेलं अंदाजात. गेलेले पैसे प्रत्यक्षात. मोजलेलं नगात. सभेला तपासनीस येतोय. तो तिन्ही वह्या जुळवणार. वहीत आहे ते जागेवर दिसलंच पाहिजे. नाही दिसलं तर कायम होणं विसर, दुसऱ्या दिवसापासून घरी बस."

"वहीत आहे ते जागेवर दिसलंच पाहिजे. बरं अण्णा."

हा धडा मात्र अगदी बरोबर होता. तिथेच घात झाला.

त्याचं असं झालं. संस्थेच्या वळूच्या गोठ्यावर नवे पत्रे घालायचे, असं आदल्या सभेत मंजूर झालं होतं. पैसे गेले, पत्रे आले आणि थेट अण्णांच्या गच्चीवर चढले. वळू उन्हात उभा राहिला. गावातली वडीलधारी मंडळी त्या पत्र्यांखाली बसून चहा प्यायची आणि सावलीचं कौतुक करायची. विचारलं कुणीच नाही. सभेत विषय वाचला की ही मंडळी "मंजूर!" म्हणून ओरडायची. विषय कोणता होता, ते घरी गेल्यावर एकमेकांना विचारायची.

सभेच्या तीन दिवस आधी अण्णा म्हणाले, "गोठ्याचे पत्रे. अंदाजात दोन लाख, प्रत्यक्षात दोन लाख, नगात शेहेचाळीस. लिही आणि गप्प बस."

तपासनीस गोठ्याकडे जाऊच नयेत म्हणून अण्णांनी मटणाचा बेत ठरवला होता. एवढं मुरलीला सांगायचं राहिलं. अण्णा बायकोला, म्हणजे काकूंना, घेऊन पुतण्याच्या लग्नाला गेले.

मुरलीने लिहिलं. मग तो गोठ्यात गेला. वर पाहिलं. आभाळ दिसलं. त्याने पत्रे मोजले. शून्य. अकरा वर्षांची नोकरी आता जाणार! मग त्याला आठवलं. त्याने एक शिडी आणली, चार माणसं आणली आणि कामाला लागला.

सभेच्या दिवशी अण्णा लग्नातून थेट सभेत आले. काकू घरी गेल्या.

"आधी जेवून घेऊ," अण्णा तपासनिसांना म्हणाले. "मटण झालंय."

"मी मटण खात नाही," तपासनीस म्हणाले. "चला, गोठा बघू."

सगळी सभा गोठ्याकडे निघाली. अण्णा सगळ्यांच्या मागे राहिले. पण गोठ्यावर पत्रे होते! नवे, चकचकीत. तपासनिसांनी मोजले. शेहेचाळीस. अण्णांनीही दोनदा मोजले. देव असतो, असं त्यांना पहिल्यांदाच मनापासून वाटलं.

"तिन्ही वह्या जुळतात आणि जागेवरही दिसतंय," तपासनीस म्हणाले. "असा कारकून तालुक्यात नाही. हा अजून तात्पुरता कसा?"

तेवढ्यात काकू धावत आल्या. "अहो, आपल्या गच्चीवरचे पत्रे गेले! सगळेच्या सगळे! चोरी झाली!"

"किती होते?" तपासनिसांनी विचारलं.

"शेहेचाळीस!"

वळूने सावलीत आरामात शेपटी हलवली. तपासनिसांनी खिशातून पेन काढलं. "चेअरमनसाहेब, तक्रार लिहायची का?"

अण्णांनी पेनाकडे पाहिलं. वर पत्र्यांकडे पाहिलं. "हिचं काय ऐकता? आमच्या गच्चीवर कधी पत्रे नव्हतेच."

"मंजूर!" भागीरथीआत्या ओरडल्या. "आणि मुरलीला कायम करा!"

"मंजूर! मंजूर!" या वेळी विषय कोणता, ते सगळ्यांना माहीत होतं.

मुरलीचे डोळे भरून आले. तो अण्णांच्या पाया पडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अण्णा, एक चूक झाली. पत्र्यांच्याच बिलात बारा लोखंडी खांब आहेत, ते नगात लिहायचे राहिले. तुमच्या गच्चीवरच उभे आहेत. आज लिहितो, उद्या उपटून आणतो."