लोहाराचे दोन कोयते

एका राज्यात शिरायला एकच खिंड होती. धान्य राज्यात पिके, पण मीठ बाहेरून येई, आणि ते याच खिंडीतून बैलांच्या पाठीवरून येई. एकदा एक मायावी वाटसरू तिथे आला. त्याचे मळके कपडे पाहून पहारेकऱ्यांनी त्याला तीन दिवस उन्हात उभे ठेवले. राजाच्या कानावर गोष्ट गेली, पण राजा शिकारीच्या गडबडीत होता. चौथ्या दिवशी मायावी म्हणाला, "माझी वाट अडवलीत, आता तुमची अडेल." त्याने मूठभर काटे पेरले आणि तो चालता झाला. दिवस मावळायच्या आत खिंड रानाने बुजली.

रानाच्या तोंडाशी एक धनेश पक्षी येऊन बसला. त्याला माणसाची वाचा होती. विचारेल त्याला तो शापाची अट सांगे. "एक माणूस, एक कोयता. वाटेत तीन दारं. मध्ये धार लावायची नाही. कोयता टिकला तर रान सरेल. मोडला तर धरणारा झाड होऊन रुजेल."

वर्षभरात बावीस जण आत गेले आणि रानात बावीस झाडे वाढली. घरोघरी अळणी भाकरी, गुरे भिंती चाटत उभी, पोरांच्या अंगात त्राण नाही. शेवटी राजाने सुभानजी लोहाराला हुकूम दिला, "माझ्या नावाचा कोयता घडवा." तो चालवायला सुभानजीचाच मुलगा रायाजी पुढे झाला.

आता लोहारांचा रिवाज असा, की मूठ बसवण्याआधी पाते ऐरणीवर तीनदा आपटायचे. एकदा सपाट, एकदा पाठीवर, एकदा धारेवर. पोटात चीर असेल तर ती इथेच बोलते. पण राजाचे हत्यार असे आपटून पाहायचे नाही, हाही रिवाजच. राजाच्या वस्तूवर संशय कसा घ्यायचा? मला विचाराल तर असल्या अदबीनेच राज्ये बुडतात. सुभानजी भला माणूस. त्याने कोयता न आपटता, रेशमात गुंडाळून दिला.

तिसऱ्या दिवशी धनेशाने चोचीतून अर्धे पाते आणून अंगणात टाकले. सुभानजीने ते उचलून पाहिले. ताजी मोड पांढरी चमकते. या मोडीचे अर्धे तोंड काळे होते. म्हणजे चीर जुनी, त्याच्याच भट्टीत पडलेली.

"कुठे मोडला?" त्याने विचारले.

"दुसऱ्या दारी. आता रायाजी तिसरं दार झाला आहे. शेवटी जो रुजतो तोच तिसरं दार होतो. त्याला तोडल्याशिवाय वाट नाही. तो तुटला की बाकीचे माणसांत येतील."

"आणि तो?"

"तो नाही," धनेश म्हणाला.

सुभानजी दिवसभर भट्टीपाशी बसून राहिला. रायाजीनंतर आणखी कुणी रुजला, तरच रायाजी सुटणार होता. कोयता मागायला दाराशी तरणे गडी उभेच होते. त्यांतल्या एखाद्याला कच्चे पाते दिले असते तरी काम झाले असते. हा विचार त्याच्या मनात आला नाही, असे मी म्हणणार नाही. आला, आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

त्याने बायकोला हाक मारली. गंगाई तीस वर्षे त्याच्या समोर उभी राहून घण मारीत आली होती. "दोन कोयते घडवायचे," तो म्हणाला. "एक मोडणारा, एक टिकणारा. मोडणारा घेऊन मी जातो. टिकणारा तू चालव. एवढा दमदार हात गावात दुसरा नाही."

गंगाईला समजायला वेळ लागला नाही. "तिसऱ्या दारी तुम्ही असाल," ती म्हणाली.

"पोर उठेल."

"माझ्याच्यानं नाही व्हायचं हे."

"मग त्याला तोडशील?"

ती रडली, भांडली, चुलीपाशी जाऊन बसली. मग उठून तिने घण उचलला.

पहिले पाते सुभानजीने लालभडक असतानाच पाण्यात बुडवले आणि तसेच ठेवले. ते काचेसारखे कडक झाले, तसेच ठिसूळही. जाणूनबुजून वाईट काम त्याने जन्मात पहिल्यांदा केले. दुसरे पाते पाण्यातून काढून त्याने पुन्हा मंद निखाऱ्यावर धरले. धारेवर वाळल्या गवताचा पिवळा रंग आला, पाठीवर निळा चढला, तेव्हा बाहेर घेतले. अशी धार बोथट होत नाही आणि अशी पाठ मोडत नाही. राजा स्वतः भट्टीवर आला होता. त्याच्यासमोर सुभानजीने पाते ऐरणीवर आपटले. सपाट, पाठीवर, धारेवर. तिन्ही वेळा ते घंटेसारखे खणखणले. राजा मान खाली घालून म्हणाला, "हे तेव्हाच करायला हवं होतं."

"होय महाराज," सुभानजी म्हणाला. आणि कच्चा कोयता घेऊन तो रानात शिरला.

दुसऱ्या सकाळी गंगाई निघाली. पहिले दार काटेरी वेलींचे होते, मनगटाएवढ्या जाड. दुपारपर्यंत तिने घाव घातले. धार उतरली नाही. दुसरे दार आडव्या पडलेल्या वाळक्या खैराचे. पाते लाकडात रुतले, तिने ते सारे अंग टाकून पिळून काढले. पाते वाकले आणि पुन्हा सरळ झाले. मूठ हलली नाही. चार ओंडके तिने असेच फोडले.

तिसऱ्या दारी एक कोवळे झाड उभे होते. त्याच्या सालीतून आवाज आला, "गंगाई, धार पाहिलीस?"

"पाहिली."

"दात पडला कुठे?"

"नाही पडला. एक तरी पडावा म्हणून देवाला विनवीत आले मी."

"मग थांबू नकोस. हात थरथरला तर पातं तिरकं बसतं."

तिने हात थरथरू दिला नाही. एका घावात झाड आडवे झाले.

त्याच क्षणी खिंडीतून वारा वाहिला आणि रान राख होऊन उडाले. ते आडवे झाड तेवढे राहिले. जागोजागी माणसे उठून बसली, डोळे चोळू लागली. पलीकडे वर्षभर ताटकळलेले मिठाचे बैल घुंगरे वाजवीत निघाले. राजाने पुढे फर्मान काढले, की राजाचे हत्यारही ऐरणीवर आपटूनच द्यावे, आणि वाटेवर आलेल्या कुणालाही उन्हात उभे करू नये.

पण ते नंतर. त्या वेळी रायाजी उठला आणि त्याला समोर आई दिसली. तिच्या हातातला कोयता त्याने घेतला, लोहाराच्या पोराच्या सवयीने धारेवरून हलकेच अंगठा फिरवला. कुठे खरचटलेले नव्हते.

"हा कोणी घडवला?" त्याने विचारले.

"तुझ्या आबांनी."

"माझा मोडला, आणि हा असा? आबा आहेत कुठे? मला त्यांच्या पाया पडायचंय."

गंगाई त्याचा हात धरून त्याला आडव्या झाडापाशी घेऊन गेली.

सुभानजीचा कोयता टिकला. ऐकणाऱ्यांची माणसे टिकोत.