पद्माचा कॉम्प्युटर आणि दस्तगीरचाचा

“दस्तगीरचाचा म्हणे डबा उघडतच नाहीत. नुसते कान लावून बसतात आणि मग...”

मग काय, ते मला कळलंच नाही. गिरणीचा पट्टा सुरू झाला आणि सांगणारीचं नुसतं तोंड हलताना दिसलं. मी हाताने खूण करून विचारलं, तर ती आपलं पीठ उचलून निघूनही गेली.

असं अर्धवट ऐकलं की मला घास गोड लागत नाही. म्हणून दुपारी चाचा पद्माच्या दुकानात कॉम्प्युटर बघायला येणार असं कळल्यावर मी गव्हाचं ताट घेतलं आणि निवडत निवडत तिच्याच पायरीवर जाऊन बसले.

पद्मा गवंडीचं दुकान गिरणीला लागून, मधली भिंत एकच. ती लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. त्या दिवशी अकरा मुलींचे नर्सिंगच्या प्रवेशाचे फॉर्म राहिले होते. मुदत संध्याकाळी पाचची. मोबाइलवर तो फॉर्म उघडत नव्हता, आणि कॉम्प्युटर मध्येच बंद पडायचा. भरत आणलेलं सगळं पुसलं जायचं, की पुन्हा पहिल्यापासून.

मुली बाकावर ओळीने बसल्या होत्या.

हेमराज आधीच आलेला. सहा वर्षं त्याने चाचांच्या हाताखाली रेडिओ, टीव्ही उघडले, मग बाजारपेठेत स्वतःचं काचेचं दुकान घातलं. या आठवड्यात त्याने हा कॉम्प्युटर दोनदा दुकानात नेला आणि दोनदा परत आणून दिला. दोन्ही वेळा पद्मा म्हणाली, चहा टाकते. दोन्ही वेळा तो उंबऱ्यातूनच म्हणाला, वेळ नाही वहिनी.

चाचांना पद्माने बोलावलं होतं, त्याला न विचारता. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

चाचा आले. चपला काढल्या, स्टुलावर बसले. कॉम्प्युटरच्या डब्याकडे बघितलंही नाही.

“काय काय बघितलंस?”

“सगळं. एसएमपीएस काढला. हिरवी वायर काळीला क्लिपने जोडली, पंखा फिरला. मीटर लावला. बारा व्होल्टच्या जागी बारा, पाचच्या जागी पाच.”

एसएमपीएस म्हणजे आतला तो पत्र्याचा ठोकळा, भिंतीतली वीज मशीनला पचेल अशी करून देणारा. त्या आठवड्यात आख्ख्या गल्लीला तो पाठ झाला होता.

“रॅम बदलली. धूळ उडवली. माझ्या दुकानात चार तास चालवला. एकदाही बंद पडला नाही.”

“मग चांगला आहे.”

“तेच म्हणतोय ना मी.”

“म्हणजे मी खोटं बोलते?” पद्मा म्हणाली.

“वहिनी, टायपिंग करताना तुमच्याकडून काहीतरी दाबलं जात असेल.”

“पाच वर्षं दाबतेय. या आठवड्यातच बरं चुकायला लागले.”

चाचांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला.

“पद्मा, चहा टाक बेटा.”

हेमराजने घड्याळाकडे बघितलं. पावणेतीन.

“चाचा, पाचला बंद होतंय ते.”

“साखर कमी टाक,” चाचा पद्माला म्हणाले.

हेमराज खाली बसला आणि डब्याचा स्क्रू सोडवायला लागला. चाचांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“राहू दे.”

“मग करू काय मी?”

“कप धर.”

चहा आला. पद्माने कॉम्प्युटर चालू केला, रेश्मा नावाच्या मुलीचा फॉर्म पुन्हा भरायला घेतला. चाचा बशीत ओतून, फुंकर मारून पीत होते. मी त्यांच्या कानाकडे टक लावून होते. कान डब्याकडे जाईना.

“ताई, गुडघे कसे आहेत?” त्यांनी मलाच विचारलं.

मला कुणी गुडघ्यांचं विचारलं की मी थोडक्यात सांगत नाही. डावा, मग उजवा, मग जिना. हेमराजचा पाय सारखा हलत होता.

“चाचा, तुम्ही नक्की ऐकताय काय?”

“ताईंचे गुडघे.”

“आणि मशीन?”

तेवढ्यात पडदा काळा झाला.

रेश्माने ओढणीत तोंड घातलं. “चौथ्यांदा,” पद्मा म्हणाली आणि कीबोर्ड पुढे लोटून दिला. हेमराज डब्याकडे झेपावला. चाचा मात्र वर, छताच्या पंख्याकडे बघत होते.

“ताई, आत्ता काय झालं?”

“बंद पडला की.”

“त्याच्या आधी.”

“आधी...” मी आठवलं. “आधी पंखा जरा मंदावला. आणि गिरणी सुरू झाली.”

हेमराजचा हात डब्यावरच राहिला.

“गिरणी?” पद्मा म्हणाली. “ती तर दिवसातून वीसदा सुरू होते. मला आता ऐकूसुद्धा येत नाही.”

हेमराज हळूच बोलायला लागला, जणू स्वतःलाच सांगत होता. “मोटर वीज ओढते... पापणी लवेपर्यंत विजेचा दाब खाली जातो. चांगला एसएमपीएस तेवढं निभावून नेतो. याच्यात दमच उरलेला नाही. माझ्या दुकानात कुठे गिरणी...”

“बदल,” चाचा म्हणाले.

तो गाडीवर गेला, दुसरा घेऊन आला, अर्ध्या तासात बसवला. तोवर गिरणी थांबली होती. हेमराजने पिशवी उचलली.

“झालं. निघतो.”

चाचांनी माझ्या ताटाकडे बघितलं. “झाले का गहू निवडून?”

मी ताट उचलून गिरणीत गेले. गिरणीवाला म्हणाला, “एवढ्याशा गव्हाला मोटर लावू होय?” मी म्हटलं, लाव. पट्टा किंचाळला. मी गुडघे विसरून पळत परत आले.

पंखा मंदावला... पुन्हा फिरायला लागला. पडद्यावर रेश्माचं नाव तसंच होतं.

अकरावा फॉर्म पावणेपाचला गेला.

म्हणजे गिरणीतली ती बाई निम्मंच खरं बोलली होती. चाचांनी डबा उघडला नाही, हे खरं. कान लावून बसले, हेही खरं. पण डब्याला नाही.

हेमराज जुना ठोकळा मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसला होता. त्याच्या कपातल्या चहावर साय धरली होती.

“चाचा, तुम्हाला येतानाच माहीत होतं. आल्या आल्या सांगितलं असतंत तर?”

“मला कुठे माहीत होतं?”

“मग एवढा वेळ बसलात कशाला?”

चाचा पायाने चपला चाचपत होते.

“चहा गरम होता.”