मांडवखारची तेलाची बाटली

मांडवखारला जायला पूल नव्हता, होडीनंच खाडी ओलांडावी लागे, तेव्हाची ही गोष्ट. ख्रिस्ती कोळ्यांची साठेक घरं आणि खाडीच्या तोंडाशी एक लहानसं देऊळ. फादर इनास तिथले पाद्री. देऊळ झाडायचं, दिवे पुसायचे, हे काम कातरीनबायचं.

एका वर्षी पटकी आली. घरटी माणूस जाऊ लागलं. शहरातून बिशपचं पत्र आलं, ‘देवळाला कुलूप लाव आणि निघून ये.’ फादरांनी त्याच पत्राच्या पाठीवर लिहिलं, ‘इथली माणसं अजून मरताहेत. मला सवड नाही.’

पटकी सरली. जो पळाला नाही त्याचा मान व्हावा की नाही? नाही झाला. हुकूम मोडला म्हणून बिशपनं फादरांना बहिष्कृत केलं आणि गावाचं तेल बंद केलं.

ते तेल जैतुनाचं. वर्षातून एकदा, पवित्र गुरुवारी, बिशप त्यावर आशीर्वाद देतो. मरणाऱ्याच्या कपाळाला ते लागलं की माणूस निर्धास्त जातो. त्याच्यावाचून मरायचं म्हणजे वल्ह्यावाचून दर्यात जायचं. तरी मांडवखार वाकलं नाही. “मग आम्ही कुणाचेच नाही,” गाव म्हणालं. “आमचं देऊळ आमचं.” बाटलीत तेव्हा तीन बोटं तेल उरलं होतं.

असं म्हणतात, ते तीन बोटं तेल एकतीस वर्षं पुरलं.

कसं पुरलं, ते कातरीनबायला ठाऊक होतं. बाटलीचा तळ दिसू लागला त्या दिवशी तिनं घरचं चमचाभर खोबरेल आत ओतलं. मग ओततच राहिली. तिचा नवरा जुजे त्याच तेलानं गेला. त्याच्या कपाळावरची चकाकी तिनं पाहिली. तेल खोटं असेल तर जुजे कुठं गेला? आणि बाकीचे? तेव्हापासून कुणी पाहत नसताना ती ओतायची आणि रडायची. गाव मात्र चमत्कार म्हणत राहिलं. थंडीत फादर मरणाऱ्याच्या घरी निघाले की एक हात झग्याच्या आत घालून चालत. लोक म्हणत, काळजावर हात ठेवून चालतात.

एकतिसाव्या वर्षी, ऐन नाताळाच्या थंडीत, फादरच अंथरुणाला खिळले. शहरात बातमी गेली आणि बिशपचा माणूस होडीनं आला. त्याच्या एका हातात खऱ्या तेलाची डबी, दुसऱ्या हातात कागद. “चुकलो म्हणून सही करा, फादर,” तो म्हणाला. “लगेच तेल लावतो.”

“आमचं आहे,” फादर म्हणाले. “बाय, बाटली आण.”

कातरीनबायनं बाटली आणली. त्या माणसानं ती उजेडात धरली. आत पांढरं घट्ट गोठलेलं. तो हसला. “हे तर खोबरेल! एकतीस वर्षं माणसांना केसांचं तेल लावून धाडलंत?”

दारात गाव गोळा झालं होतं. कातरीनबाय फादरांच्या अंथरुणाशी बसली. “मी ओतलं, फादर. मीच. माझा जुजे...”

“अगं, मला काय माहीत नव्हतं?” फादर म्हणाले. “दर थंडीत बाटली गोठायची. काखेत धरून वितळवत न्यायचो मी. जैतुनाचं असं दगड होतं होय?”

“मग लावलंत कसं?” कातरीनबायनं विचारलं.

“गावात तेवढंच होतं. आणि आशीर्वाद तर तू ओतताना रडायचीस तोच.”

बिशपचा माणूस ओरडला, “हे पाखंड आहे!”

कातरीनबाय उठली. “साहेब, जैतुनाचं झाड आमच्याकडं उगवत नाही. देवानं आम्हाला इथं जन्माला घातलं, तेव्हा त्याला हे ठाऊक नव्हतं काय?” मग तिनं बाटली आपल्या काखेत धरली. सगळे वाट पाहत उभे राहिले. तेल वितळलं तेव्हा बाईमाणसाच्या हातानं तिनं फादरांच्या कपाळावर क्रूस काढला.

असं म्हणतात, फादर गेले त्या घटकेला किनाऱ्यावरच्या होड्या कुणी हात न लावता ओंडक्यांवरून वर सरकल्या, जणू ओंडक्यांना कुणी तेल चोपडलं होतं. बिशपच्या माणसाची होडी तेवढी पाण्यात राहिली. बिनसहीचा कागद घेऊन तो तिच्यातून परत गेला.

पुढं दुसरा पाद्री कुणी पाठवला नाही. बाटली जिच्या हाती, तीच देवळाची पुढारी, असं गावानं ठरवलं. आजही पवित्र गुरुवारी घरटी एक चमचा खोबरेल येतं. ओतताना जो तो आपल्या घरच्या मेलेल्यांची नावं मोठ्यानं घेतो. सगळ्यांचं झालं की बाटलीवाली बाय स्वतःच्या घरचा एक चमचा ओतते, त्या बिशपच्या नावानं.

“त्याच्या कशाला?” कुणी नवखा विचारतोच.

“अरे बाबा,” ती म्हणते, “तोही मेलाच असंल की.”