ठेंगू ड्रायव्हर आणि कपाटाखालची खिट्टी

एक होतं इंजिन. ठोकळ्यांचं! काळं काळं पोट, लाल लाल चाकं, डोक्यावर धुराडं. वाफेचं इंजिन असतं ना, अगदी तस्सं. पण वाफबिफ काही नाही हं! पोटात होती मोटर. बटण दाबलं की घर्रर्र!

बनवलं कोणी? जुईताईनं. ठोकळ्यावर ठोकळा, टक् टक् टक्.

आणि चालवणार कोण? ठेंगू! ठेंगू म्हणजे इंजिनाचा ड्रायव्हर. बोटाएवढा. तोही ठोकळ्याचाच. डोक्यावर निळी टोपी.

जुईताईनं बटण दाबलं. घर्रर्र! चाकं फिरली. झुक… झुक… खटॅक!

चाकाचा दांडा निखळला. दांड्याची खिट्टी उडाली. टिंग टिंग टिंग… गेली कपाटाखाली!

इंजिन थांबलं.

"हॅट्!" जुईताई म्हणाली. "हे काही चालत नाही. आंघोळ करून येते आणि मोडूनच टाकते. याचं घर बनवते."

मोडूनच टाकते? ठेंगूनं इंजिनातल्या खुर्चीतून खाली उडी मारली. माझं इंजिन? आणि घर? घर कुठं झुकझुक जातं!

खिट्टी हवी. आत्ताच्या आत्ता!

ठेंगूला पळता येत नाही. पाय ठोकळ्याचे ना! मग जातो कसा? टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

दारामागे होता झाडू.

"झाडूदादा, झाडूदादा, कपाटाखाली झाडतोस का?
खिट्टी मिळेना,
इंजिन चालेना!"

झाडू म्हणाला, "मी नाही जा! माझ्या केसांवर बोका झोपलाय. आधी बोका उठू दे, मग मी झाडीन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. ठेंगू गेला झाडूच्या दुसऱ्या टोकाला. तिथं बोका. घुर्रर्र… घुर्रर्र…

"बोकोबा, बोकोबा, जरा उठता का?
झाडू झाडेना,
खिट्टी मिळेना,
इंजिन चालेना!"

बोक्यानं एकच डोळा उघडला. "मी नाही जा! सकाळपासून उपाशी आहे मी. आधी पातेलं वाकू दे, वाटीत दूध पडू दे, मग मी उठीन."

"सकाळी तर मासा खाल्लास!"

"तो मासा होता. हे दूध." आणि डोळा बंद.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. ठेंगू चढला स्टुलावर. स्टुलावरून ओट्यावर. तिथं दुधाचं पातेलं. गोल गोल, गुबगुबीत.

"पातेलेकाकू, पातेलेकाकू, जरा वाकता का?
बोका उठेना,
झाडू झाडेना,
खिट्टी मिळेना,
इंजिन चालेना!"

पातेलं म्हणालं, "मी नाही जा! एकटी वाकले तर लवंडेन ना! ओटाभर दूध! मग मला ओरडा. आधी बाबा हलू दे, मला धरू दे, मग मी वाकेन."

आत बाथरूममध्ये पाणी पडत होतं. धो धो धो. चल ठेंगू, चल!

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. बाबा बसला होता सतरंजीवर. मांडीवर बाळ ढमी. आणि ढमीचा भोंगा! भ्याँऽऽऽ!

"बाबा, बाबा, जरा हलतोस का?
पातेलं वाकेना,
बोका उठेना,
झाडू झाडेना,
खिट्टी मिळेना,
इंजिन चालेना!"

बाबा म्हणाला, "मी नाही जा! जरा हललो की ही आणखी मोठ्यानं रडते. कान बघ माझे, लाल झालेत! आधी ढमी हसू दे, मग मी हलेन."

टुणुक टुणुक. ठेंगू चढला बाबाच्या गुडघ्यावर. केवढी मोठी ढमी! केवढं मोठं तोंड! आत दोनच दात.

"ढमीबाई, ढमीबाई, जरा हसता का?
बाबा हलेना,
पातेलं वाकेना,
बोका उठेना,
झाडू झाडेना,
खिट्टी मिळेना,
इंजिन चालेना!"

ढमी म्हणाली, "नाई! झुकझुक नाई! भ्याँऽऽऽ!"

"काय? इंजिन चालेना म्हणून तू रडतेस?"

"हूं! भ्याँऽऽऽ!"

अरे देवा! ठेंगू मटकन खाली बसला.

इंजिन चालेना म्हणून ढमी हसेना. ढमी हसेना म्हणून बाबा हलेना. बाबा हलेना म्हणून पातेलं वाकेना. पातेलं वाकेना म्हणून बोका उठेना. बोका उठेना म्हणून झाडू झाडेना. झाडू झाडेना म्हणून खिट्टी मिळेना. आणि खिट्टी मिळेना म्हणून… इंजिन चालेना!

आता जायचं तरी कुणाकडे? कोणीच उरलं नाही!

बाथरूममधलं पाणी थांबलं.

ठेंगू ताडकन उठला. "इंजिन नाही ना? मग मीच इंजिन!"

टोपी केली धुराडं. हात केले दांडे. पुढे-मागे, पुढे-मागे.

"झुक झुक झुक झुक! कूऽऽऽ!"

ढमीच्या पायावरून निघाली गाडी. पोटाचा डोंगर चढली. झुक… झुक… झुक… गळ्याच्या घाटात गुदगुल्या केल्या. हनुवटी आली, ओठ आले, आणि थेट नाकावर, टुणुक!

"नाक स्टेशन! नाक स्टेशन!"

ढमी गप्प. डोळे नाकाकडे. मग एक उचकी. हिक्! आणि मग…

खी खी खी खी!

ढमी हसली!
ढमी हसली, बाबा हलला.
बाबा हलला, पातेलं वाकलं.
पातेलं वाकलं, बोका उठला. लप लप लप लप!
बोका उठला, झाडू झाडू लागला. सुर्र सुर्र, सुर्र सुर्र!

कपाटाखालून निघालं एक बटण. निघाला एक वाटाणा. निघाला बाबाचा मोजा.

"अरे, हा इथं होता होय!" बाबा म्हणाला.

"मोजा नको! खिट्टी, खिट्टी!" ठेंगू ओरडला.

कडी वाजली. खट्! जुईताई बाहेर आली. केस ओले, टपक टपक. तिनं इंजिन उचललं. धुराड्याला हात घातला…

सुर्र सुर्र, सुर्र सुर्र… टिंग!

"ताई, थांब! थांब! ही बघ!" ठेंगू ओरडला.

"अय्या! मिळाली?"

खिट्टी दांड्यात, दांडा चाकात. टक्! ठेंगू आपल्या खुर्चीत. टुक्! बटण दाबलं. घर्रर्र…

झुक… झुक… सगळे वाकून बघू लागले.

झुक झुक झुक झुक झुक झुक! कूऽऽऽ!

इंजिन चाललं! दांडा हलला, चाकं पळाली. ढमीनं टाळ्या पिटल्या. बोक्याची शेपटी थोडक्यात वाचली!

"मी नाही बाई हे मोडत," जुईताई म्हणाली. "हे असंच राहू दे."

"हुश्श!" म्हणाला ठेंगू.

इंजिन गेलं पलंगाखाली, गोष्ट आली फलाटाला. चला, मांडीवरचे पॅसेंजर, उतरा!