बशीतले ठोके

“पण ती त्या बशीत आहे की नाही, एवढंच सांगा ना, बाबा!”

डॉक्टर मुकुंद सातपुत्यांनी पुन्हा विचारलं. दस्तगीरबाबा दर्ग्याच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. डॉक्टरांच्या बायकोच्या, शालनच्या माहेरगावचा हा फकीर. लहानपणी तिला कडेवर घेऊन फिरलेला.

हृदय थकत जाण्याच्या आजारावर औषध शोधण्यात डॉक्टरांची हयात गेली, आणि नेमक्या त्याच आजाराने त्यांची बायको गेली. नशिबाला थट्टा करायला दुसरं कुणी सापडलं नसावं. शालनच्या दंडावरच्या कातडीचा एवढासा तुकडा घेऊन त्यांनी प्रयोगशाळेत त्यापासून हृदयाच्या पेशी घडवून वाढवल्या होत्या. शालन गेली. काचेच्या बशीतल्या पेशी मात्र धडधडत राहिल्या.

“मरणाला ती पुरती नेता आली नाही, बाबा. मी नेऊ दिली नाही.”

“मग अडलंय कुठे?”

“त्याच पेशींवर नवं औषध तपासायचंय. तिचा आजार त्यांच्यात उतरलाय. ठोके बंद पडेपर्यंत मात्रा वाढवत न्यायची… त्याशिवाय माणसाला किती सोसेल ते कळत नाही.”

“आणि?”

“माझा हात धजत नाही.”

प्रयोगशाळेतली पोरं खोळंबली होती. डॉक्टर त्या बशीला कुणाला हात लावू देत नव्हते. कुणी विषय काढलाच, तर अंगावर धावून जात.

बाबांनी लुंगी गुडघ्यापर्यंत सारली. नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला.

खळगा तसाच राहिला…

डॉक्टर चपापले. केव्हाचे समोर बसून ते आपलंच दुःख उगाळत होते. एवढे सुजलेले पाय, शालनच्याच आजाराची खूण, आणि हृदयरोगावरच्या या जाणत्या माणसाला ते दिसले नव्हते!

“कधीपासून आहे हे? आडवं पडलं की दम लागतो?”

“बसूनच झोपतो.”

“मला सांगायचं नाही का?”

“शालनने सांगितलं होतं?”

डॉक्टरांचा चेहरा पडला.

“सांगायची… आज लवकर या म्हणायची. मी म्हणायचो, पेशी आत्ता कुठे धडधडायला लागल्यात, सोडून कसा येऊ? ती गेली तेव्हासुद्धा मी त्या बशीवरच वाकलो होतो, बाबा.”

एवढा नावाजलेला माणूस, पण ओट्यावर बसून ढसाढसा रडला. बाबांनी रडू दिलं. त्यांचेही डोळे कोरडे नव्हते.

बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी तोंड पुसलं. आवाजातला जोर गेला होता.

“मग त्या बशीत धडधडतंय… ते कोण?”

बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“ते मला काय ठाऊक, बेटा? शालन तर घरी तुझी वाट बघत बसली होती.”